काट्याच्या पोटात काय आहे?

गोंदिया जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे आधी हलके आणि मग भारी धान कापणीला येते. मळणी झाली की ते आधारभूत खरेदी केंद्रावर किंवा व्यापाऱ्याकडे जाते. तेथे ४० किलोचा एकेक कट्टा काट्यावर चढतो, लाल आकडे क्षणभर थरथरतात आणि स्थिरावतात. शेतकरी आकडा पाहतो, हमाल कट्टा उतरवतो, वहीत नोंद होते. चार महिन्यांच्या मेहनतीचे मोल त्या चार-पाच लाल आकड्यांवर ठरते.

पूर्वी तेथे तराजू असे. त्यात फसवणूक होत नसे असे मुळीच नाही. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार इलेक्ट्रॉनिक काट्यांबरोबर आलेला नाही, तो फार जुना आहे. पण तराजूची सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर असे: एक दांडी, मधला टेकू आणि दोन पारडी. संशय आला तर माल आणि वजने यांची पारड्यांत अदलाबदल करायची. तरीही दांडी आडवी राहिली तर दोन्ही भुजा सारख्या आहेत. ही परीक्षा करायला शाळेत जावे लागत नसे. इलेक्ट्रॉनिक काट्यात मात्र दिसतो तो फक्त आकडा. तो कसा तयार झाला हे पेटीच्या आत घडते आणि पेटी बंद असते.

आज आपल्या भोवतीच्या बहुतेक उपकरणांची हीच स्थिती आहे. मोबाईल, विजेचे मीटर, पेट्रोल पंप, मोटारीचे इंजिन, या सगळ्यांच्या आत एक छोटा संगणक आणि त्याला दिलेली आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर असते. मग या बंद पेट्यांवर आपण विश्वास ठेवतो तो कशाच्या आधारावर? आणि ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअर’ असे ज्याला म्हणतात, त्याने हा आधार भक्कम होतो का? या लेखात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत. सुरुवात काट्यापासूनच करू.

आकडा कसा तयार होतो?

काट्याच्या तबकाखाली धातूचा एक ठोकळा असतो, त्याला लोड सेल म्हणतात. वजन ठेवले की तो किंचित वाकतो. डोळ्यांना हा वाक दिसत नाही, पण ठोकळ्यावर चिकटवलेल्या अतिशय पातळ धातूच्या पट्ट्या त्याबरोबर ताणल्या किंवा आकुंचित होतात. ताणलेल्या पट्टीचा विद्युतरोध वाढतो, आकुंचित झालेल्या पट्टीचा कमी होतो. अशा चार पट्ट्या व्हीटस्टन सेतूच्या रचनेत जोडलेल्या असतात. बारावीच्या पुस्तकातला हा सेतू येथे रोज कामाला लागलेला असतो! रोध बदलला की सेतूचा तोल ढळतो आणि काही मिलिव्होल्ट इतका विद्युतदाब मिळतो. एक छोटे मंडल या दाबाचे अंकांत रूपांतर करते.

समजा, ४० किलो ठेवल्यावर आतल्या संगणकाला ८०,००० हा अंक मिळाला. हे किलो नव्हेत. त्याचे किलो करण्यासाठी आज्ञावली एका ठरावीक संख्येने, समजा ०.०००५ ने, गुणते. ८०,००० × ०.०००५ = ४०. ही ठरावीक संख्या काटा बनवताना किंवा दुरुस्त करताना प्रमाणित वजने ठेवून निश्चित करतात आणि काट्याच्या स्मृतीत साठवतात.

आता समजा, कोणी ही संख्या ०.०००४९ केली. लोड सेल तोच, दाब तोच, अंकही ८०,००० हाच. पण पाटीवर ३९.२ दिसेल. पाटीवर ४० आणण्यासाठी शेतकऱ्याला प्रत्यक्षात सुमारे ४०.८ किलो धान घालावे लागेल. शंभर कट्ट्यांमागे सुमारे ८१.६ किलो धान फुकट गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये जाहीर झाला होता. त्या दराने हे नुकसान सुमारे १,९३० रुपये होते. काट्याला बाहेरून कोणी हातही लावलेला नाही, आत फक्त एक संख्या बदलली आहे.

बाहेरून केलेली परीक्षा

हे घडू नये म्हणून आपल्याकडे वैधमापनशास्त्राचा कायदा आहे (२००९). निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो आणि मोहोर लावतो. व्यापारात वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यांची अशी पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. मोहोर तोडल्याशिवाय आतल्या संख्येला हात लावता येऊ नये, अशी अपेक्षा असते.

विद्यार्थ्यांना येथे एक छान कोडे घालता येईल. काटा तपासण्यासाठी एका मुलाने युक्ती सांगितली: आधी एक पिशवी मोजा, मग दुसरी मोजा, मग दोन्ही एकत्र मोजा, बेरीज जुळली की काटा बरोबर. ही युक्ती चालेल का? आपल्या उदाहरणातला काटा प्रत्येक वजन दोन टक्क्यांनी कमी दाखवतो, त्यामुळे बेरीजही दोन टक्क्यांनी कमी येईल आणि तंतोतंत जुळेल! काटा स्वतःशी सुसंगत आहे, पण खरा नाही. हे कळण्यासाठी काट्याच्या बाहेरचे एखादे स्वतंत्र प्रमाण लागते. प्रमाणित वजन हाताशी नसेल तर पाणी उपयोगी पडते. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोपेक्षा अर्ध्या टक्क्याहूनही कमीच फरकाने वेगळे असते. माप बरोबर असेल तर दोन टक्क्यांची चूक वीस लिटर पाण्याने सहज उघडी पडते.

परीक्षा ओळखणारे यंत्र

येथपर्यंत असे वाटेल की बाहेरून नीट परीक्षा केली की झाले, आत डोकावण्याची गरजच काय? पण संगणकामुळे एक नवी अडचण आली आहे. तराजूला आपली परीक्षा चालली आहे हे कळत नसे. आज्ञावलीला ते कळू शकते.

पेट्रोल पंपात इंधन वाहू लागले की आतले मापक फिरते. ते ठरावीक फिरले की एक विद्युतस्पंद निघतो. संगणक हे स्पंद मोजून लिटर दाखवतो. एप्रिल २०१७ मध्ये लखनौमध्ये पोलिसांनी काही पंपांवर छापे घातले तेव्हा पंपांत बसवलेल्या आणि दूरनियंत्रकाने चालू-बंद करता येणाऱ्या चिप सापडल्या. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील अनेक पंपांची तपासणी केली, तेव्हा येथेही पंपांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांत फेरफार केल्याचे उघड झाले. दूरनियंत्रकाची गोम लक्षात घ्या. तपासनीस आला की चिप बंद, तो गेला की चालू.

दुसरे उदाहरण याहून सफाईदार आहे, कारण त्यात बटन दाबायलाही माणूस लागत नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीवर ठपका ठेवला. कंपनीच्या डिझेल मोटारींतली आज्ञावली सुकाणूचे चाक किती वळते, वेग कसा बदलतो, इंजिन किती वेळ चालू आहे यावरून गाडी रस्त्यावर आहे की प्रयोगशाळेतल्या परीक्षेच्या रुळांवर, हे ओळखत होती. परीक्षा चालू असेल तर धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत! जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही आज्ञावली होती. ती पकडली जाण्याची सुरुवात झाली ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांमुळे. त्यांनी मोजमापाची यंत्रे गाडीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली. तरीही असे का होते याचा छडा लागायला बरेच महिने गेले, कारण आज्ञावली कोणाला वाचता येत नव्हती.

वाचता येणारी आज्ञावली

आज्ञावलीची दोन रूपे असतात. माणूस ती लिहितो ते रूप वाचता येते. त्यात ‘आलेल्या अंकाला ०.०००५ ने गुण’ अशा अर्थाच्या ओळी असतात. याला स्रोत म्हणतात. संगणकाला ते थेट समजत नाही, म्हणून त्याचे शून्य आणि एक यांच्या लांबलचक मालिकेत भाषांतर करतात. आपण विकत घेतो त्या उपकरणात बहुधा फक्त हे दुसरे रूप असते. त्यातून मूळ अर्थ शोधून काढणे अशक्य नाही, पण फार कष्टाचे आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये स्रोतही सर्वांना उपलब्ध असतो आणि तो वाचण्याची, बदलण्याची व बदललेला इतरांना देण्याची परवानगी असते. या चळवळीचा उगम एका छपाईयंत्रात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत होते. जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की सर्वांना संगणकावर निरोप जाईल, अशी सोय त्यांनी आज्ञावलीत केली होती. नवे यंत्र आले, त्यातही कागद अडकू लागला, पण त्याचा स्रोत मिळेना. १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना खुली असलेली संगणकप्रणाली उभारण्याची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे. मात्र त्यावर चालणारी बहुतेक अ‍ॅप्स बंद असतात, म्हणून अँड्रॉइड फोन म्हणजे पूर्ण खुला फोन असे समजू नये.

आम्हा संशोधकांना यात नवे काही वाटत नाही. शोधनिबंधात नुसता निष्कर्ष देऊन भागत नाही. कृतीही लिहावी लागते, म्हणजे दुसऱ्याला तीच कृती करून पडताळा घेता येतो. पण आमच्याच प्रयोगशाळेत एका मापनयंत्राच्या बाबतीत उलटा अनुभव आला. त्याची निरीक्षणे ज्या स्वरूपात साठवली जात ते स्वरूप फक्त उत्पादकाच्या आज्ञावलीलाच उघडता येत असे. उत्पादकाने ती आज्ञावली बंद केली आणि नव्या संगणकावर जुनी निरीक्षणे उघडेनाशी झाली. अखेर एक जुना संगणक केवळ त्यासाठी जपून ठेवावा लागला.

शिक्षकांना याचा मासला ओळखीचा असेल. काही वर्षांपूर्वी एका संगणकावर टंकलेली मराठी प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसे. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने ‘क’साठी, ‘ख’साठी आपापले अंक ठरवले होते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा अंक जाहीर आहे. ‘क’चा अंक २३२५ आहे, मग फॉन्ट कोणताही असो. युनिकोड ही आज्ञावली नव्हे, ते जाहीर केलेले प्रमाण आहे. पण नियम सर्वांना माहीत असले की एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागत नाही, हे त्यातून चांगले समजते.

खुले म्हणजे निर्धोक का?

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ग्रंथालयात पुस्तक ठेवले म्हणजे ते कोणी वाचले असे होत नाही. इंटरनेटवरचे व्यवहार गुप्त राखण्यासाठी ओपनएसएसएल ही मुक्तस्रोत आज्ञावली जगभर वापरतात. २०१२ मध्ये तिच्यात एक चूक शिरली. तिच्यामुळे परक्या माणसाला संगणकाच्या स्मृतीतली गुप्त माहिती वाचता येई. स्रोत सर्वांसमोर होता, तरी ही चूक एप्रिल २०१४ पर्यंत उघड झाली नाही. ही आज्ञावली सांभाळणारी माणसे मूठभर होती, वापरणारे मात्र कोट्यवधी.

मार्च २०२४ मधली घटना तर रहस्यकथेसारखी आहे. माहिती आटोपशीर करून साठवणाऱ्या एक्सझेड या आज्ञावलीच्या कामात एका अनोळखी व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि मग तिच्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की आपल्या संगणकात प्रवेश घ्यायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्यांनी कारण शोधायचे ठरवले आणि चोरदरवाजा सापडला. स्रोत खुला होता म्हणून त्यांना शोध घेता आला, हे खरे. पण फेरफाराचा कळीचा भाग सर्वजण वाचत असलेल्या स्रोतात सरळ लिहिलेला नव्हता. तो चाचणीच्या फायलींत आणि वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात दडवलेला होता. म्हणजे स्रोत वाचणे पुरेसे नाही. आपल्या यंत्रात चालते आहे ती आज्ञावली त्याच स्रोतापासून बनली आहे, हेही पडताळता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या व्यवसायाजवळची आहे. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे ‘दीक्षा’ हे अ‍ॅप शिक्षकांना माहीत आहे. ते सनबर्ड या मुक्तस्रोत आज्ञावलीवर उभारलेले आहे. तरीही जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ या मासिकाने बातमी दिली की या मंचाची माहिती ज्या साठ्यात ठेवली होती तो असुरक्षित राहिल्याने दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक आणि ईमेल पत्ते उघडे पडले होते. कुलपाचा आराखडा कितीही चांगला असला तरी दार उघडेच ठेवले तर आराखडा काय करणार? आज्ञावली खुली असावी आणि माणसांची माहिती बंद असावी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तपासाव्या लागतात.

कागदाचा पुरावा

मग सामान्य माणसाने करायचे काय? सगळ्यांनाच काही आज्ञावली वाचता येणार नाही. येथे गोंदियातली एक घटना उपयोगी पडते.

२८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदान यंत्राला जोडलेल्या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रांत, म्हणजे व्हीव्हीपॅटमध्ये, अनेक ठिकाणी बिघाड झाले आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. प्रथम उन्हाळ्याकडे बोट दाखवले गेले. नंतर निवडणूक आयोगाने सांगितले की छपाईच्या भागातल्या, प्रकाशाच्या फरकावर चालणाऱ्या संवेदकावर जास्त उजेड पडल्याने यंत्रे अडली. पुढे त्या संवेदकावर आडोसा बसवण्यात आला. विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावे असे हे उदाहरण आहे.

हा बिघाड सर्वांना दिसला, कारण यंत्र बंद पडले. मते चुकीची मोजली गेली असा त्याचा अर्थ नाही. बंद पडणाऱ्या यंत्राची तक्रार लगेच होते. चालू राहून चुकणाऱ्या यंत्राची होत नाही, आणि नेमक्या त्यासाठीच ही चिठ्ठी आहे. ती मतदाराला काचेतून सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. मतदान यंत्रातली आज्ञावली जनतेला खुली नाही. पण ती खुली असती तरी समोरच्या यंत्रात नेमकी तीच चालते आहे हे मतदाराला कसे कळणार? चिठ्ठ्यांची मोजणी मात्र आज्ञावलीवर अवलंबून नसते. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकडे ताडून पाहतात. किती चिठ्ठ्या मोजाव्यात याबद्दल मतभेद आहेत. चिठ्ठी असावी हे मात्र वाद घालणारे दोन्ही पक्ष मानतात.

पेट्रोल पंपावरचे पाच लिटरचे प्रमाणित माप याच जातीचे आहे. कोणत्याही ग्राहकाला ते मागून समोर भरून घेता येते. दूरनियंत्रकावर चालणारी चिप त्यालाही चकवू शकेल. पण कोणता ग्राहक केव्हा माप मागेल हे आधी ठाऊक नसते, आणि हेच त्याचे बळ आहे.

म्हणजे विश्वासाला तीन आधार हवेत: आज्ञावली स्वतंत्र जाणकारांना वाचता यावी, यंत्रात तीच चालते आहे हे पडताळता यावे आणि उत्तराचा पडताळा यंत्राबाहेरच्या पुराव्याशी घेता यावा. पहिला आधार मुक्तस्रोत सॉफ्टवेअर देते. दुसरा त्याच्याशिवाय फार अवघड होतो. तिसरा मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळत नाही.

वर्गात करून पाहा

सातवी-आठवीच्या वर्गात हे सगळे एका खेळातून दाखवता येते. एका विद्यार्थ्याला पडद्यामागे बसवा. तो ‘यंत्र’. त्याला एका कार्डावर गुप्त नियम लिहून द्या: ‘संख्या शून्याने संपत असेल तर तशीच परत कर, नाहीतर त्यातून १ वजा कर.’ बाकीच्यांनी चिठ्ठीवर संख्या पाठवायची, यंत्राने उत्तर लिहून द्यायचे. खरे यंत्र संख्या जशीच्या तशी परत करते, असे मुलांना सांगा.

आधी निरीक्षक म्हणून तुम्ही १०, २०, ५० पाठवा. यंत्र उत्तीर्ण होईल. मग मुलांना हव्या त्या संख्या पाठवू द्या. लबाडी लवकरच पकडली जाईल. दुसऱ्या फेरीत नियम बदला: ‘पहिल्या वीस चिठ्ठ्यांना खरे उत्तर, नंतर १ वजा.’ आता किती चाचण्या पुरे झाल्या असे मुलांना विचारा. तिसऱ्या फेरीत कार्ड सर्वांना वाचू द्या, पण यंत्राच्या खिशात गुपचूप दुसरे कार्ड ठेवा. चौथ्या फेरीत दोन मुलांना प्रत्येक चिठ्ठीची आणि उत्तराची वेगळी नोंद ठेवायला सांगा आणि शेवटी पडताळा घ्या.

चौथ्या फेरीलाही फसवणारे यंत्र कसे बनवता येईल, हा प्रश्न मुलांपुढे जरूर टाकावा. हातात कार्ड असले की या वयाची मुले लबाडीचे नवनवे प्रकार शोधून काढतात आणि ते पकडण्याचेही. देवरीच्या किंवा सालेकशाच्या शाळेत यासाठी ना वीज लागते, ना नेटवर्क. शिक्षकांनी हा खेळ करून पाहावा आणि मुलांनी काढलेल्या युक्त्या आम्हाला अवश्य कळवाव्यात.